आवाज मिटला, तक्रार मिटली

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा असलेल्या आपल्या कंपनीच्या संचालक महोदया, व्यासपीठावर बसलेले चाचणी विभागाचे प्रमुख, त्यांच्या शेजारी विक्री विभागाचे प्रमुख, ज्यांनी धावपळ करून हा कार्यक्रम घडवून आणला त्या मनुष्यबळ विभागाच्या व्यवस्थापक बाई. तसंच समोर बसलेले माझे चालक बंधू, टायरवाले, वायरिंगवाले, ध्वनी विभागाची मंडळी, कॅन्टीनच्या दारात टेकून उभे असलेले आपले आचारी, आणि पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेली माझी बायको. आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

बायकोचा वेगळा उल्लेख करायला कारण आहे. माझा आवाज किती मोठा झालाय हे माझं मला कळत नाही. तो चढला की ती रुमाल वर करणार, असं आमचं ठरलंय. घरी याच कामासाठी ती चमचा वापरते. आत्ता रुमाल वर आहे. म्हणजे माझा नमस्कारच जरा जोरात झाला. क्षमस्व.

संचालक महोदयांनी आत्ता माझ्याविषयी जे गौरवाचे शब्द काढले, त्यांनी मी भारावून गेलो. भाषणाचा कागद त्यांनी मला आधीच वाचायला दिला होता, कारण ऐकून मला सगळं समजलं नसतं. हा त्यांचा चांगुलपणा. त्या कागदात एक वाक्य आहे: "तीस वर्षं या माणसाच्या तीक्ष्ण कानांनी आपल्या गाड्या जपल्या." आणि माझ्या खिशात निवृत्तीचं पत्र आहे, त्यात वाक्य आहे: "श्रवणदोषामुळे कामास अपात्र." दोन्ही कागदांखाली सही एकच. तेव्हा माझ्या कानांबद्दल कंपनीने एकदा काय ते ठरवावं, अशी माझी नम्र विनंती आहे.

हसा, हसा. हसलेलं मला दिसतं.

आपण मला आपल्या नव्या गाडीची ही छोटी प्रतिकृती भेट दिलीत. छपराचं बटण दाबलं की ती डरकाळी फोडते, असं मला सांगण्यात आलं. मी बटण दाबलं आणि बायकोच्या तोंडाकडे बघितलं. ती दचकली, त्यावरून भेट उत्तम चालते आहे. आभारी आहे.

आता एक कबुली देतो, म्हणजे नंतर कोणी दुसऱ्याने उकरून काढायला नको. माझे कान आज गेलेले नाहीत. चार वर्षं झाली, समोरच्याचे ओठ वाचून मी काम भागवतो. दरवर्षी आपल्याकडे कानांची तपासणी होते. कानाला ते दोन मोठे गोळे लावून बसायचं, शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. परिचारिका बाई माझ्या मागे बसायच्या. पण समोरच्या कपाटाच्या काचेत त्यांचा खांदा दिसायचा. बटण दाबताना खांदा हलायचा. खांदा हलला की माझं बोट वर! चार वर्षं मी या परीक्षेत पहिल्या श्रेणीत पास झालो.

बाई, तुम्ही तिकडे कपाळाला हात लावू नका. तुमची काही चूक नाही. लबाडी माझी. का केली? गाडी सुटत नव्हती, दुसरं काय. माणूस तीस वर्षं एकच काम करतो तेव्हा ते सोडायचं म्हटलं की त्याला सतरा सबबी सुचतात. या लबाडीसाठी मला आज घरी पाठवत असाल तर माझी तक्रार नाही. हवं तर पत्रात "लबाडीमुळे" असं लिहा, मी आनंदाने घेईन.

पण मंडळी, मला त्यासाठी घरी पाठवलं जात नाहीये.

आज घरून आलेली मंडळी आहेत, लहान मुलं आहेत, ज्यांनी ही गाडी कधी चालवली नाही अशीही माणसं आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आपल्या नव्या गाडीच्या स्टिअरिंगवर एक गोल खटका आहे. त्याला तीन खाचा: आराम, स्पोर्ट आणि ट्रॅक. आरामवर ठेवला की गाडी पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखी वागते. स्पोर्टवर नेला की जरा बाह्या सरसावते. ट्रॅकवर नेला की स्टिअरिंग जड होतं, स्प्रिंगा ताठ होतात, पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळते, आणि इंजिन डरकाळी फोडायला लागतं. इंजिन म्हणजे काय, स्पीकर. खरं इंजिन आपलं छोटंसं, गुणी, कमी बोलणारं आहे. डरकाळी आपल्या तळघरात तयार होते.

ती तयार करणाऱ्या बाई समोर बसल्या आहेत. मी त्यांना वाजंत्रीबाई म्हणतो, आणि त्या मला काका म्हणतात. पहिल्यांदा मी त्यांना म्हणालो होतो, "बाई, हे म्हणजे कवळी लावून हसल्यासारखं झालं." त्यावर त्या म्हणाल्या, "काका, कवळीने चावता येतं ना? मग झालं." नंतर मला कळलं की या बाई सात महिने एका जुन्या, अजस्र इंजिनाच्या अंगाला माइक बांधून बसल्या होत्या. प्रत्येक गतीचा आवाज वेगळा, पाय सोडल्यावरचा वेगळा, गिअर टाकतानाचा वेगळा. मला त्यातलं फारसं काही ऐकू येत नव्हतं. पण सात महिने कोण कशापाशी बसतं, हे मला कळतं. त्या कामाचा मी आदर करतो आणि आज जाहीरपणे करतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अध्यक्ष महोदया घड्याळाकडे बघत आहेत, तेव्हा थोडक्यात सांगतो.

दीड महिन्यापूर्वी मी आपल्या चाचणीच्या रस्त्यावर होतो. तिसरं वळण, डावीकडचं. खटका ट्रॅकवर. वळणातून बाहेर पडताना मी पाय दाबला, आणि माझ्या डाव्या टाचेखाली काहीतरी ठोकलं. टक, टक, टक. वेग वाढला तसं ते भराभर व्हायला लागलं. खटका आरामवर आणला, बंद. पुन्हा ट्रॅकवर नेला, पुन्हा सुरू. मी बूट काढला. मोज्यावर गाडी चालवली. मोजा काढला. आता खात्रीच झाली.

मी चाचणी प्रमुखांकडे गेलो. त्यांनी बाकीच्या चार चालकांना विचारलं आणि मला बोलावून म्हणाले, "अहो, चौघांनाही काही ऐकू आलं नाही."

मी म्हटलं, "साहेब, मलाही ऐकू आलं नाही."

"मग?"

"टाचेला लागलं."

साहेब हसले. मी साहेबांना दोष देत नाही, मीही हसलो असतो. गाडी वर उचलून बघितली. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा जो दांडा असतो, त्याचा सांधा हातांनी हलवून बघितला. उभ्या गाडीत तो सांधा शहाण्या मुलासारखा गप्प बसतो. जोर पडला की मगच त्याची नाटकं सुरू होतात. कागदावर सगळं ठीक. तेव्हा मी लाल नोंद लिहिली. लाल नोंद म्हणजे काय, तर चालकाने लिहायचं की ही गाडी तपासल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. तीस वर्षांत मी अशा सहा लिहिल्या. ही सातवी.

नोंद मी मंगळवारी लिहिली. माझ्या कानांची खास तपासणी शुक्रवारी ठरली. बाहेरचे डॉक्टर आले होते. त्यांच्या खोलीत काचेचं कपाट नव्हतं.

मंगळवार आणि शुक्रवार यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? मी म्हणत नाही. मी फक्त वार सांगितले.

पण मला एक कोडं सुटेना. चार तरणेताठे चालक, कान शाबूत, तरी एकालाही ते ठोकणं ऐकू कसं आलं नाही? म्हणून मी जुन्या तक्रारींची फाइल काढली. आणि मिळालं! आठ महिन्यांपूर्वी आपल्यातल्याच एका चालकाने लिहून ठेवलं होतं: "ट्रॅक मोडमध्ये, डाव्या वळणानंतर मागून घुमणारा आवाज." आता आपली पद्धत कशी आहे, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तक्रारीत आवाज हा शब्द आला की कागद थेट तळघरात, ध्वनी विभागाकडे. गाडीच्या छतात माइक आहेत. नको असलेला आवाज ते पकडतात, आणि त्याच्या बरोबर उलटा आवाज स्पीकरमधून सोडतात. दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. वर पुन्हा डरकाळीचं पांघरूण. तळघराने सांगितलेलं काम चोख केलं. शेरा असा आहे: "आवाज नाहीसा केला. तक्रार बंद."

सांध्याकडे कोणी वाकूनही बघितलं नाही. बघणार कसं? कागदावर सांधा हा शब्दच नव्हता. आपल्या कंपनीत आवाज मिटला की तक्रार मिटते. आणि ज्या चालकाने ती लिहिली होती, त्याने पुढच्या आठवड्यात गाडी चालवली, आवाज आला नाही, म्हणून त्याने समाधान झाल्याची सही केली. यात कोणीही हरामखोर नाही, मंडळी. सगळे आपापलं काम नीट करत होते. मला राग येतो तो याचाच.

ज्यांचे कान चांगले, त्या सगळ्यांची गाडीने समजूत घातली. माझी समजूत घालायला तिला रस्ता नव्हता. माझ्यापर्यंत पोचायचं तर टाचेतूनच, आणि टाचेला स्पीकर लावायला आपण अजून विसरलो आहोत.

रुमाल वर आहे. बरं, हळू बोलतो.

तो सांधा सुटला तर काय होईल? तो फिरता दांडा गाडीच्या तळावर हाणायला लागेल. ताशी दीडशेच्या वेगात, वळणावर. आत बसलेल्या माणसाला काही कळेल का? नाही कळणार. त्याला शेवटपर्यंत सुंदर डरकाळी ऐकू येत राहील.

मी हे विक्री प्रमुखांना सांगितलं. त्यांनी मला चहा दिला, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, गिऱ्हाईक काय आपल्या तिसऱ्या वळणावर येणार आहे का?" साहेब, त्याचं उत्तर आज देतो. डावी वळणं सगळीकडे असतात. आवारात उभ्या असलेल्या तीनशे गाड्या सोमवारी बाहेर पडणार आहेत. त्या काही उजवीकडेच वळत राहणार नाहीत.

मग मी एक गोष्ट केली. ती नियमात बसत नाही, पण माझी नोकरी संपतेच आहे तर सांगून टाकतो. मी एका व्यक्तीला विनंती केली, "माझ्याबरोबर एक फेरी मारा." त्या व्यक्तीने स्वतःच्या हाताने स्पीकरचा फ्यूज काढला. गाडी एकदम मुकी झाली. आम्ही तिसऱ्या वळणावर गेलो. मी पाय दाबला आणि शेजारी बघितलं. त्या व्यक्तीचा चेहरा पांढरा पडला होता. मी कडेला थांबलो. "काका, परत एकदा," असं ओठांवर दिसलं. आम्ही अकरा वेळा ते वळण घेतलं. नंतर गाडीत जे बोलणं झालं ते आमच्या दोघांत राहील.

नियम असा आहे की लाल नोंदीवर दोन सह्या लागतात; त्या झाल्या की त्या नमुन्याची एकही गाडी तपासल्याशिवाय आवाराबाहेर जात नाही. एक चालकाची आणि एक गाडीत बसून खात्री करून घेतलेल्या दुसऱ्या खात्यातल्या माणसाची. दुसरी सही नसेल तर ती नोंद लिहिणाऱ्याच्या नोकरीबरोबर संपते. माझी नोकरी आज संध्याकाळी सहाला संपते. माझ्या नोंदीवर एकच सही आहे.

त्या व्यक्तीने माझ्याकडे दोन दिवस मागितले. मी म्हटलं, घ्या. आज नववा दिवस आहे. मी मागायला गेलो नाही, आजही मागत नाही. कारण मला माहीत आहे की ते घर एका पगारावर चालतं, घरात अंथरुणाला खिळलेली आई आहे. आणि आपणच निगुतीने केलेल्या कामाखाली, इथे माझं चुकलं, असं स्वतःच्या हाताने लिहायचं म्हणजे काय असतं, ते...

माझा आवाज तर आत्ता चढला नव्हता. रुमाल का वर आहे? बरं. कळलं. जास्त बोललो. पुढे जातो.

काल मला एक कागद देण्यात आला. त्यात तीनच ओळी आहेत, मी वाचून दाखवतो. "मला कमी ऐकू येत असल्यामुळे माझ्याकडून गैरसमजातून लाल नोंद लिहिली गेली. सदर नोंद मी स्वखुशीने मागे घेत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही." सोबत तोंडी निरोप असा की सही केली तर मला मानद सल्लागार करतील. पत्रात "अपात्र" हा शब्द राहणार नाही. "प्रदीर्घ सेवेनंतर" असं येईल. माझा फोटो खालच्या दालनात लागेल.

फोटो लागावा असं कोणाला वाटणार नाही? मलाही वाटलं. हा कागद मी घरी नेला. आज सकाळी माझा शर्ट इस्त्री करताना बायको म्हणाली, "अहो, सही करा की करू नका, हे मी सांगणार नाही. पण उद्या त्या गाडीचं काही वाईट ऐकू आलं, तर ते मला ऐकू येणार आहे. तुम्हाला नाही. मग ते तुम्हाला सांगायचं कोणी? मी?"

मंडळी, मला बऱ्याच जणांनी समजावलं. या बाईने मला समजावलं नाही. तिने नुसती इस्त्री बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

तेव्हा अध्यक्ष महोदया, आपला पूर्ण मान राखून सांगतो. हा कागद मी फाडणार नाही, असली नाटकं मला जमत नाहीत. सही न करता तो आपल्यासमोर टेबलावर ठेवतो. मला कमी ऐकू येतं, हे शंभर टक्के खरं आहे. माझा गैरसमज झाला, हे साफ खोटं आहे. मला अपात्र म्हणा, बहिरा म्हणा, लबाड म्हणा, माझी काही हरकत नाही. नोंद मी मागे घेणार नाही. सहा वाजता तुमच्या नियमाने ती मरणार असेल तर मरू दे, पण तिचा गळा मी माझ्या हाताने दाबणार नाही.

आणि चालक बंधूंनो, तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. सोमवारच्या आधी एकदा तरी तिसऱ्या वळणावर जा. बूट काढा. टाच टेकवा. मग तुमच्या मनाला विचारा.

आता आभार. टायरवाल्यांनी माझे नखरे तीस वर्षं सोसले, एकदाही माझ्या अंगावर पाना फेकला नाही, त्यांचे आभार. आचाऱ्यांनी मला फेरीवरून उशीर झाला तरी कधी गार ताट वाढलं नाही, त्यांचे आभार. परिचारिका बाईंची माफी मागतो आणि आभारही मानतो. चाचणी प्रमुखांनी माझी नोंद फेकून न देता रजिस्टरमध्ये चढवली आणि दुसऱ्या सहीसाठी कागद माझ्याकडे ठेवला, भले हसत का होईना, त्यांचे आभार. संचालक महोदयांनी मला बोलायला माइक दिला, त्याबद्दल त्यांचे विशेष आभार. तो द्यायला नको होता असं आता त्यांना वाटत असेल, तर त्या भावनेचाही मी आदर करतो.

बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, मानाच्या क्रमात कोणाचं नाव मागेपुढे झालं असेल, गौरवाच्या समारंभात मी कामाचं दुखणं घेऊन बसलो असेन, तर मोठ्या मनाने मला क्षमा करावी. माझं बोलणं इथेच...

थांबा. मधल्या रांगेत कोण उठलं?

वाजंत्रीबाई, तुम्ही कशाला उठलात? बसा तुम्ही. मी तुमचं नाव घेतलेलं नाही, घेणारही नाही. बसा. अहो, सगळे तुमच्याकडे बघतायत.

काय? मला इथून ओठ दिसत नाहीत. पुढे या. त्यांना वाट द्या हो जरा, खुर्च्या सरकवा. हं, आता बोला. सावकाश बोला.

"तक्रार मीच बंद केली होती."

हे मोठ्याने बोललात ना तुम्ही? सगळ्यांना ऐकू गेलं? गेलं. बायको मान हलवतेय.

बाई, आईचा विचार केलात ना? पुन्हा सांगा. "तिला विचारूनच आले." बरं. बरं.

लाल नोंद इथे आहे, माझ्या आतल्या खिशात. टेबलावर ठेवा. या चौकोनात करायची. पूर्ण नाव लिहा, नुसती आद्याक्षरं चालत नाहीत. खाली खातं लिहा, आणि त्याच्याखाली वेळ.

चाचणी प्रमुख साहेब, घड्याळ बघा आणि आपणही वेळ टिपून घ्या. पाच वाजून बेचाळीस मिनिटं. मी अजून नोकरीत आहे.